पहिल्या दिव्यापर्यंतचा अटलांटिक

गणपतीच्या आधीचे दोन आठवडे आणि मग डिसेंबरचे दोन आठवडे, या काळात मला काही ठरलेले फोन येतात. पुण्यातला मित्र मंडळाच्या कमानीबद्दल बोलत असतो, न्यू जर्सीतला मामेभाऊ घराच्या छपराच्या कडेला लावलेल्या माळेबद्दल. (त्याची माळ दिवाळीला चढते ती नाताळ उरकल्यावरच उतरते. एका खर्चात दोन सण!) तक्रार मात्र दोघांची एकच. "अरे, कोड बरोबर आहे, टेबलावर मस्त चालत होतं, वर चढवलं आणि वेड्यासारखं लुकलुकायला लागलं." आणि त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: "जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय घेऊ का?"

या प्रश्नाचं उत्तर देताना मला १८५८ साल फार उपयोगी पडतं. त्या वर्षी एका माणसाने नेमका हाच उपाय केला होता, फक्त त्याची माळ अटलांटिक महासागराच्या तळाशी होती आणि तिच्यात एकही दिवा नव्हता. आजचा विकांत त्या गोष्टीसाठी. ज्यांना माळ दुरुस्त करण्यातच रस आहे त्यांनीही वाचावं, कारण दुरुस्ती याच गोष्टीत आहे.

आधी माळेचं थोडं. विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं ख्रिसमस ट्री २२ डिसेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये उजळलं. ते एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी होतं. जॉन्सन म्हणजे एडिसनचे सहकारी. लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० दिवे, हाताने वायरिंग केलेले, आणि झाड स्वतःभोवती फिरणारं. पुढे माळा बाजारात आल्या, त्यातल्या बऱ्याच एकसरीत जोडलेल्या. एक दिवा गेला की अख्खी माळ गप्प. घरातलं कोणीतरी संध्याकाळभर एकेक बल्ब काढून दुसरा घालून बघत बसणार, हे दृश्य आपल्याकडच्या दिवाळीतही अनेक पिढ्यांनी पाहिलंय. पण या जुन्या माळेतून फक्त वीज वाहायची. दिव्याला काही सांगायचं नव्हतं, त्यामुळे ऐकू न येण्याचा प्रश्नही नव्हता.

आजची पिक्सेल माळ वेगळी. तिच्यातल्या प्रत्येक दिव्याच्या पोटात एक छोटी चिप असते आणि कंट्रोलर प्रत्येक दिव्याला वेगळा रंग कळवतो. सगळ्यात जास्त दिसते ती डब्ल्यूएस २८१२ या जातीची माळ. चिनी कंपनी वर्ल्डसेमीची ही चिप २०१२-१३ च्या सुमारास हौशी मंडळींच्या हातात आली आणि रोषणाईचं सगळं गणितच बदललं. तीन तारा: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. प्रत्येक दिव्यासाठी २४ बिट. एका बिटला सव्वा मायक्रोसेकंद. शून्य आणि एक यांतला फरक एवढाच की शून्याचा ठोका साधारण ०.४ मायक्रोसेकंद वर राहतो आणि एकचा ०.८. म्हणजे ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे तो फरक अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही कमी! ठोका जरा फासटला, रुंदावला, त्याच्यावर एखादा जादा कंगोरा आला, की शून्याचा एक होतो आणि मंद निळा दिवा भक्कन पांढरा पडतो.

ठोका फासटतो का, हा प्रश्न जॉन्सनच्या झाडापेक्षाही जुना आहे.

१८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जमिनीखालून आणि पाण्याखालून तारायंत्राच्या केबल्स टाकायला सुरुवात झाली आणि लोकांना एक विचित्र अनुभव यायला लागला. खांबांवरच्या तारेतून ठोका लगेच पलीकडे पोचायचा. तेवढ्याच लांबीच्या पुरलेल्या केबलमधून तो उशिरा पोचायचा आणि लांबट, लोळत आल्यासारखा यायचा. लॅटिमर क्लार्क या इंजिनिअरने हे फॅरेडेला दाखवलं आणि फॅरेडेने कारण सांगितलं. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं वेष्टन (झाडाच्या चिकापासून होणारा रबरासारखा पदार्थ) आणि बाहेर ओली माती किंवा समुद्राचं पाणी. हा तर सरळ कपॅसिटर झाला! ठोका पुढे जायच्या आधी केबलला विजेने भरावं लागतं आणि ठोका संपल्यावर तिला रिकामं व्हावं लागतं. लांब बादली, बारीक नळ.

याचं गणित मांडलं विल्यम थॉमसन या ग्लासगोच्या तरुण प्राध्यापकाने. हेच पुढचे लॉर्ड केल्विन. १८५४ मध्ये त्यांनी स्टोक्स या गणितज्ञ मित्राला पत्रांतून ते कळवलं आणि १८५५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं. निष्कर्ष धडकी भरवणारा होता: उशीर केबलच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट, उशीर चौपट. लांबी दहापट, उशीर शंभरपट. एकीकडे अटलांटिकखालून तीन हजार किलोमीटरहून लांब केबल टाकायची स्वप्नं चालू होती, आणि इकडे हा हिशोब सांगत होता की लांब केबल हवी असेल तर तार जाड हवी आणि वेष्टनही जाड हवं. म्हणजे जास्त तांबं, जास्त गटापर्चा, जास्त पैसा.

आणि इथे वाइल्डमन व्हाइटहाउस यांचा प्रवेश होतो.

व्हाइटहाउस मूळचे ब्रायटनचे सर्जन. विजेचा नाद होता, हाताने प्रयोग करायचे आणि भरपूर करायचे. (डॉक्टरने तारायंत्राच्या मागे लागणं त्या काळी नवलाचं नव्हतं. हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारणारे ओशॉनेसी हेही डॉक्टरच.) व्हाइटहाउसनी ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत थॉमसनचा वर्गाचा नियम साफ नाकारला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे वर्गातल्या फळ्यावरचं गणित आहे, मी प्रत्यक्ष तारांवर मोजलंय आणि मला असं काही दिसलेलं नाही. १८५६ मध्ये लंडनमध्ये जमिनीखालच्या तारा एकाला एक जोडून दोन हजार मैलांचा मार्ग केला गेला, त्यावर व्हाइटहाउस आणि खुद्द सॅम्युएल मोर्स यांनी मिळून प्रयोग केले. सिग्नल झपाझप गेले. मोर्सचं समाधान झालं. फॅरेडेनेही बारीक तारेच्या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याच्या पुढाकाराने अटलांटिक टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली आणि तिचे इलेक्ट्रिशियन म्हणून व्हाइटहाउसच नेमले गेले. थॉमसन संचालक मंडळात होते, बिनपगारी.

आपल्या ओळखीचं चित्र आहे ना? डेमो पास झालाय, क्लायंटला तारीख दिलीय, बजेट ठरलंय, आणि मीटिंगमध्ये एक जण म्हणतोय की हे स्केल होणार नाही. त्याच्याकडे आकडेमोड आहे, पण दुसऱ्याकडे चालणारा डेमो आहे. मीटिंग कोण जिंकतं हे सांगायला नको.

कामही तसंच घाईत झालं. केबलचा अर्धा भाग एका कारखान्याने बनवला, अर्धा दुसऱ्याने. वरच्या लोखंडी तारांचा पीळ एकाने एका दिशेला दिला, दुसऱ्याने उलट्या दिशेला! भर समुद्रात दोन टोकं जोडली की एकाच्या ताणाने दुसऱ्याचा पीळ उलगडणार. शेवटी जोडाला वेगळा आधार देऊन वेळ निभावली. थॉमसननी १८५७ मध्ये तांब्याचे नमुने तपासले तेव्हा दिसलं की तांबं तांबं म्हणून घेतलेल्या तारांच्या वाहकतेत प्रचंड फरक आहे. तोपर्यंत तांब्याची वाहकता मोजून घ्यायची पद्धतच नव्हती.

१८५७ चा प्रयत्न केबल तुटून फसला. जून १८५८ चा फसला. शेवटी अगॅमेम्नॉन आणि नायगारा या दोन जहाजांनी अटलांटिकच्या मध्यापासून उलट दिशांना जात ५ ऑगस्ट १८५८ ला आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड जोडून दाखवले. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना संदेश गेला. शब्द ९८. लागलेला वेळ १६ तास. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. न्यूयॉर्क मात्र आनंदाने वेडं झालं होतं. दुसऱ्या दिवशी रात्री आतषबाजी झाली आणि तिच्या ठिणग्यांनी सिटी हॉलचा घुमट पेटला. रोषणाईचा आणि या केबलचा पहिला संबंध हा असा आला. :-)

आता मुख्य मुद्दा. केबल पहिल्यापासूनच आजारी होती. ठोके इतके क्षीण आणि पसरट येत होते की व्हाइटहाउसच्या यंत्रांना ते वाचता येईनात. थॉमसननी तयार केलेला आरशाचा गॅल्व्हानोमीटर मात्र ते वाचू शकत होता. त्यात एक चिमुकला आरसा, त्याच्यामागे चिकटवलेलं चुंबक, आणि आरशावरून परावर्तित होऊन मोजपट्टीवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका. क्षीण प्रवाहालाही ठिपका हलायचा. म्हणजे एक उपाय असा होता: हळू बोला आणि नीट ऐका. व्हाइटहाउसचा उपाय दुसरा होता: ओरडा. त्यांनी प्रचंड इंडक्शन कॉइल्स लावून सुमारे २,००० व्होल्टपर्यंतचे ठोके केबलमध्ये मारले.

केबलच्या वेष्टनात आधीच कमकुवत जागा होत्या. त्या या माऱ्याने आणखी गेल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून बोलणं जवळजवळ बंद पडलं आणि ऑक्टोबरमध्ये केबल पूर्ण मेली. त्या तीनेक आठवड्यांच्या आयुष्यात तिने एक काम केलं ज्याचा संबंध थेट आपल्याशी आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना परत निघायचा हुकूम झाला होता. हिंदुस्थानातली परिस्थिती बदलल्यावर तो हुकूम रद्द झाल्याचा निरोप या केबलने गेला आणि सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले. केबल मेली, पण ती कशासाठी हवी हे सरकारला कळलं.

व्हाइटहाउसना कंपनीने ऑगस्टमध्येच काढून टाकलं होतं. पुढे सगळं खापर त्यांच्यावर फुटलं आणि आजही बऱ्याच ठिकाणी गोष्ट एवढीच सांगितली जाते: हट्टी डॉक्टरने जास्त व्होल्टेज लावून केबल मारली. पण सरकार आणि कंपनी यांनी मिळून नेमलेल्या समितीने १८५९ पासून चौकशी केली आणि १८६१ मध्ये जो अहवाल दिला तो यापेक्षा पुष्कळ शहाणा होता. वेष्टनात तार मध्यभागी नव्हती, केबल उन्हात पडून गटापर्चा मऊ झाला होता, टाकण्याआधी पाण्याखाली नीट चाचणी नव्हती, उचलाउचलीत ती दुखावली होती. जास्त व्होल्टेजने शेवटचा घाव घातला, पण केबल समुद्रात उतरली तेव्हाच तिचे दिवस भरले होते. समितीने म्हटलं की आधी मोजायचं काय आणि कशात, ते ठरवा. त्याच काळात रोधाचं प्रमाणित एकक ठरवायचं काम ब्रिटिश असोसिएशनने हाती घेतलं. आपण ज्याला सहज 'ओहम' म्हणतो तो एका मेलेल्या केबलच्या पोस्टमॉर्टेमचा वारसदार आहे.

मला या सगळ्यात हा अहवाल सगळ्यात मोठा वाटतो. प्रॉडक्शन पडल्यावर शेवटचं बटण कोणी दाबलं एवढंच शोधून थांबलेल्या बैठकांना आपण सगळेच बसलोय. तिथे थांबलं असतं तर पुढची केबल कमी व्होल्टेजवर चालवली गेली असती आणि तशीच मेली असती.

तसं झालं नाही. १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने नवी केबल टाकली. १८५८ च्या केबलमध्ये एका सागरी मैलाला १०७ पौंड तांबं होतं, नव्या केबलमध्ये ३०० पौंड. तांबं तपासून घेतलेलं. वेष्टनही जाड. थॉमसनचं फळ्यावरचं गणित तांब्यात उतरलं होतं. १८६५ ची अर्धवट तुटलेली केबलही समुद्रातून शोधून पूर्ण केली गेली. मग लॅटिमर क्लार्कने गंमत केली. दोन्ही केबल्स पलीकडच्या टोकाला जोडायला लावून जाऊन-येऊन दोन अटलांटिकचा मार्ग केला आणि शिवणकामाच्या चांदीच्या अंगठीत थोडं आम्ल आणि जस्ताचा तुकडा घालून केलेल्या इवल्याशा सेलने सिग्नल पाठवून दाखवला. कुठे २,००० व्होल्ट आणि कुठे ही अंगठी! ग्रेट ईस्टर्न नंतर १८७० च्या सुरुवातीला आपल्या मुंबईला आलं आणि मुंबई ते एडन केबल त्याच जहाजाने टाकली.

म्हणून मित्राला माझं उत्तर: नाही, आत्ताच मोठा पॉवर सप्लाय घेऊ नकोस. आधी बघ कुठे बिघडतंय.

इथे पिक्सेल माळेची एक युक्ती समजून घ्यायला हवी. डब्ल्यूएस २८१२ मधली प्रत्येक चिप येणाऱ्या निरोपातले पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवते आणि बाकीचे पुढे पाठवते. पुढे पाठवताना ती ठोके नव्याने, कोरे करकरीत घडवून पाठवते. तारायंत्रात जमिनीवर हेच रिले करायचे. थकलेला ठोका यायचा, ताजा ठोका पुढे जायचा. समुद्राखाली मात्र रिले ठेवता येईनात, त्यामुळे थॉमसनच्या पिढीला एका दमात महासागर पार करावा लागला. १९५६ मध्ये पहिली अटलांटिक टेलिफोन केबल, टीएटी-१, सुरू झाली तेव्हा तिच्या दोन केबल्समध्ये प्रत्येकी ५१ रिपीटर बसवलेले होते. तुमच्या पाच मीटरच्या माळेत असे ३०० रिपीटर आहेत!

याचा अर्थ, दिव्यापासून दिव्यापर्यंतचं अंतर दीड-दोन सेंटिमीटरचं असतं आणि तिथे सिग्नलला फारसा धोका नसतो. धोका असतो कंट्रोलरपासून पहिल्या दिव्यापर्यंतच्या तारेत. कंट्रोलर गॅलरीत, कमान रस्त्यावर, मध्ये सहा मीटर वायर. तोच तुमचा अटलांटिक. तिथे ठोका बिघडला तर पहिला दिवा चुकीचं ऐकतो आणि ते चुकीचंच कोरं करकरीत करून पुढच्या सगळ्यांना सांगतो. अफवा पसरते तशीच.

आणि पहिल्याच पायरीला बऱ्याचदा उंचीही कमी पडते. डेटाशीटप्रमाणे डब्ल्यूएस २८१२बी ला 'वर' म्हणून ओळखायला पुरवठ्याच्या ७० टक्के व्होल्टेज लागतं, म्हणजे पाच व्होल्टला ३.५. आजकालचे बरेच कंट्रोलर देतात ३.३. टेबलावर, बोटभर वायरवर, नशिबाने चालतं. म्हणजे व्हाइटहाउस आणि मोर्सचा लंडनचा डेमोच म्हणा. इथे ७४एएचसीटी१२५ सारखी एक साधी चिप मध्ये टाकून ३.३ चे ५ करून घ्यायचे. हे ओरडणं नाही. समोरच्याला ऐकू येण्याएवढं बोलणं आहे.

सहा मीटरची वायर तर अगदीच आखूड, तिथे वर्गाच्या नियमाचा काय त्रास? बरोबर. वर्गाचा नियम लांब, जास्त रोधाच्या केबलचा. आखूड तारेत वेगळंच भूत असतं, आणि त्याची गोष्ट ऑलिव्हर हेविसाइडची.

हेविसाइड इंग्लंड-डेन्मार्क केबलवर काम करणारा तारमास्तर. जन्म १८५०. लहानपणीच्या आजाराने ऐकू कमी यायचं. १८७४ मध्ये चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसला आणि पुन्हा कधीच नोकरी केली नाही. १८७६ मध्ये त्याने थॉमसनच्या समीकरणात इंडक्टन्स घातला, आणि केबलमधून ठोका पसरत जाण्याऐवजी लाटेसारखा प्रवास करू लागला. लाट म्हटलं की ती कड्यावर आपटून परत येणारच. १८८७ मध्ये त्याने दाखवलं की तारेत इंडक्टन्स योग्य प्रमाणात वाढवला तर ठोका आकार न बिघडता जाऊ शकतो. ब्रिटिश पोस्टाचे विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलट, इंडक्टन्स म्हणजे शत्रू. प्रीस अधिकारावर होते, हेविसाइड बेकार होता. त्याचं ऐकलं गेलं नाही. १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्यूपिनने त्याच तत्त्वावरच्या कॉइल्सचं पेटंट घेतलं, पैसा आणि नाव दोन्ही त्याला मिळालं. हेविसाइड १९२५ मध्ये टॉर्कीला एकाकी वारला. आम्हाला इंजिनिअरिंगला ट्रान्समिशन लाइन्स हा विषय होता, त्यात समीकरणं सगळी होती, हा माणूस नव्हता. 'इंपीडन्स' हा शब्दसुद्धा त्याचाच.

तुमच्या माळेत हेविसाइड असा दिसतो. कंट्रोलरचा ठोका काही नॅनोसेकंदांत वर चढतो. वायरमध्ये लाट नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटिमीटर जाते, म्हणजे सहा मीटर पार करायला ३० नॅनोसेकंद. टोकाला चिपचं तोंड जवळजवळ बंद, त्यामुळे लाट आपटून परत फिरते, पुन्हा येते, आणि ठोक्याच्या कडेवर डुचमळ होते. त्यावर उपाय दोन रुपयांचा. कंट्रोलरच्या टोकाला डेटा तारेत एक रोध, १०० ते ४७० ओहमच्या दरम्यान. परत आलेली लाट त्यात विरून जाते.

तिसरं भूत गोंगाटाचं. १८३८ मध्ये म्युनिकच्या स्टाइनहाइलच्या लक्षात आलं की परतीची तार लागतच नाही, जमीनच ते काम करते. तारायंत्राची निम्मी तार वाचली. पण टेलिफोन आले, मग विजेच्या ट्राम आल्या, आणि त्याच जमिनीतून आलेली घरघर लोकांना कानात ऐकू यायला लागली. टेलिफोन कंपन्यांना नाइलाजाने दोन तारा घ्याव्या लागल्या. शंभर वर्षांनी नाटकाच्या दिव्यांनी तोच धडा गिरवला. १९८६ मध्ये अमेरिकेत रंगमंचाच्या दिव्यांसाठी डीएमएक्स ५१२ हे प्रमाण ठरलं, ते आरएस ४८५ वर चालतं. निरोप दोन पिळलेल्या तारांवर उलटसुलट पाठवायचा आणि पलीकडे वजाबाकी करायची. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो, वजाबाकीत उडून जातो. टोकाला १२० ओहमचा रोध, तो हेविसाइडसाठी. म्हणूनच अमेरिकेत अंगणभर नाताळची रोषणाई करणारे लोक लांबच्या झाडापर्यंत पिक्सेलचा डेटा असाच जोडतारेने नेतात आणि झाडापाशी पुन्हा साधा करतात. आणि म्हणूनच कंट्रोलर आणि माळ वेगवेगळ्या सप्लायवर असतील तर दोघांचं ग्राउंड जोडायलाच लागतं. नाहीतर 'वर' म्हणजे कशापासून वर, यावरच एकमत नाही.

आता निदान. माळ अडली की पहिला प्रश्न: कितव्या दिव्यापर्यंत बरोबर आहे?

पहिल्याच दिव्यापासून वेडेपणा असेल तर अटलांटिक तपासा: ३.३ की ५, ग्राउंड जोडलंय का, रोध आहे का, वायर किती लांब. वायर तात्पुरती आखूड करून बघा, पाच मिनिटांत कळतं.

सदतिसाव्यापर्यंत सगळं व्यवस्थित आणि अडतिसाव्यापासून अंधार किंवा गोंधळ असेल तर कोडला हात लावू नका. दोषी अडतिसावा असेल किंवा सदतिसावा, कारण सदतिसावा स्वतः नीट पेटूनही पुढे सांगायचं विसरलेला असू शकतो. दोन्ही बदला, मधला सांधा तपासा.

सुरुवातीला पांढरा आणि टोकाकडे पिवळट, मग तांबूस होत जाणारा असेल, तर तो सिग्नलचा दोष नाहीच. टोकाला व्होल्टेज पोचत नाहीये. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते मान टाकतात. एक दिवा पूर्ण पांढरा म्हणजे ६० मिलीअँपिअर, असे ३०० म्हणजे १८ अँपिअर, आणि स्वस्त पट्टीतलं तांबं पापुद्र्याएवढं. इथे दुसऱ्या टोकाला आणि मध्येही जाड वायरने वीज द्यावी लागते. सप्लाय १८ अँपिअरला अपुरा असेल तर मोठा घ्याच, पण हे मीटर लावून कळतं. अंदाजाने नाही. १८६६ मध्येही तांबंच वाढवलं होतं.

काही नव्या माळांत, उदाहरणार्थ डब्ल्यूएस २८१३ आणि २८१५ मध्ये, डेटाची दुसरी राखीव तारही असते. मधला एक दिवा मेला तर त्याच्या पुढचा दिवा आणखी एक घर मागच्याकडून निरोप घेतो. लागोपाठ दोन मेले की मात्र तिथेही संपलं. मंडळासाठी घेत असाल तर चार पैसे जास्त देऊन हीच घ्या. कमानीच्या टोकावर विसर्जनाच्या आदल्या रात्री शिडी लावणारा पोरगा तुमचे आभार मानेल.

मल्टीमीटर घरोघरी असतोच, आणि साधा लॉजिक अॅनालायझर एका बऱ्या जेवणाच्या किमतीत येतो. थॉमसनला आरसा, चुंबक आणि दिवा यांतून जे जमवावं लागलं ते आपल्याला घरपोच मिळतं. फोन करण्याआधी दोन आकडे मात्र मोजून ठेवा: कितवा दिवा, आणि त्या दिव्यापाशी किती व्होल्ट. बाकीचं बोलू.